विश्लेषण : दहाव्या वर्षी ‘नापास’... मुलाच्या मनात नेमके काय नोंदले जाते?

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले की अनेक प्राथमिक शाळांत प्रगती पुस्तके वाटली जातात. कित्येक वर्षे हा दिवस मुलांसाठी सुट्टीच्या आनंदाचा होता, कारण पहिली ते आठवीपर्यंत कोणालाच त्याच वर्गात ठेवले जात नव्हते. आता पाचवी आणि आठवीच्या मुलांना तसे निर्धास्त राहता येत नाही. वार्षिक परीक्षेत आणि त्यानंतरच्या पुनर्परीक्षेतही अपयश आले तर मुलाला त्याच वर्गात ठेवता येते. या बदलावरची चर्चा गुणवत्ता, शिस्त आणि ‘ढकलपास’ या तीन शब्दांभोवती फिरते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे व्यक्तिमत्त्व त्या वेळी कोणत्या टप्प्यावर असते, हा प्रश्न तिच्यात क्वचितच येतो. मानसशास्त्राने मात्र याच वयाचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ बारकाईने अभ्यास केला आहे.

नियम नेमका काय आहे?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला. त्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हते आणि शाळेतून काढताही येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीला नियमित परीक्षा घेण्याची तरतूद केली. अनुत्तीर्ण मुलांना जादा अध्यापन द्यायचे, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यायची आणि त्यातही अपयश आल्यास मागे ठेवायचे की नाही हे संबंधित सरकारने ठरवायचे, अशी ती रचना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तसाच नियम केला. मागे राहिलेल्या मुलाला आणि त्याच्या पालकांना वर्गशिक्षकाने मार्गदर्शन करावे, मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी ठेवून स्वतः लक्ष घालावे आणि परीक्षेत पाठांतर न तपासता क्षमता तपासावी, असे केंद्राचा नियम सांगतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास आजही मनाई आहे. कागदावर ही चौकट बरीच समंजस आहे. प्रश्न तिच्या मधल्या दोन महिन्यांचा आहे.

सहा ते अकरा हे वय वेगळे का मानले जाते?

सिग्मंड फ्रॉइड यांनी या काळाला सुप्तावस्था म्हटले. आधीच्या वर्षांतील भावनिक वादळे शमलेली आणि पौगंडावस्थेची अजून दूर असलेली, असा त्यांच्या मते हा शांत मुक्काम. त्यामुळे व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीत या वर्षांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांनी या शांत दिसणाऱ्या वयात बुद्धीची केवढी उलथापालथ चालते ते दाखवले. रुंद पेल्यातले पाणी उंच, निमुळत्या पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल ‘पाणी वाढले’ म्हणते. सात-आठ वर्षांचे मूल पाणी तेवढेच असल्याचे सांगते आणि कारणही देते. एकाच वेळी दोन बाजू लक्षात घेणे, क्रम लावणे, वर्गवारी करणे त्याला जमू लागते.

ही क्षमता पाण्यापुरती राहत नाही. क्रम लावता येऊ लागलेले मूल वर्गातल्या मुलांचाही क्रम लावते आणि त्यात स्वतःची जागा शोधते. कोण वेगाने पळतो, कोणाचे अक्षर चांगले, बाई कोणाला फळ्याजवळ बोलावतात आणि कोणाला कधीच बोलावत नाहीत, याची नोंद त्याच्या मनात होऊ लागते. वर्गवारीची हीच बुद्धी त्याला ‘मी कोणत्या गटातला?’ हा प्रश्नही विचारायला लावते.

एरिक्सन यांचा सिद्धांत काय सांगतो?

एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यातला चौथा टप्पा शाळकरी वयाचा, त्याचे नाव ‘उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड’. या वयातल्या मुलाला खेळण्यापलीकडे काही तरी खरे करून दाखवायचे असते. कागदाची होडी पाण्यावर तरंगली पाहिजे, सायकलची उतरलेली साखळी आपल्याच हाताने बसली पाहिजे, हिशेब बरोबर आला पाहिजे. हाती घेतलेले काम तडीस जाते आणि भोवतालची मोठी माणसे त्याची दखल घेतात, तेव्हा ‘मला जमते’ ही भावना तयार होते. वारंवार अपयश येते, किंवा जे जमते त्याला कोणी किंमत देत नाही, तेव्हा ‘मी कमीच आहे’ ही भावना मूळ धरते. या टप्प्यातून चांगल्या रीतीने पार पडलेल्या मुलाला जे मिळते त्याला एरिक्सन ‘सक्षमता’ म्हणतात.

एरिक्सन यांचा भारताशी जवळचा संबंध आला. १९६२ मध्ये ते अहमदाबादला आले होते. तिथल्या गिरणी कामगारांच्या १९१८ च्या लढ्याला केंद्रस्थानी ठेवून त्यांनी पुढे महात्मा गांधींवर ‘गांधीज ट्रुथ’ हा ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांना १९७० मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे त्यांच्या स्वतःकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. शाळेतले गुण आणि माणसाची सक्षमता या एकच गोष्टी नाहीत, हे सांगण्याचा अधिकार त्यांना त्यांच्या आयुष्यानेच दिला होता.

एरिक्सन यांच्या मांडणीतला एक बारकावा या वादात हरवतो. न्यूनत्वाची भावना मुलाला कधी शिवूच नये, असे ते म्हणत नाहीत. आपल्याला काय जमत नाही हे कळणेही वाढीचाच भाग आहे. पारडे मात्र ‘जमते’च्या बाजूला झुकलेले हवे. हे पारडे कोऱ्या कौतुकाने झुकत नाही. प्रत्यक्षात काही तरी जमावेच लागते.

तुलना कोणत्या वयात सुरू होते?

बालवाडीतल्या मुलांना ‘सगळ्यात हुशार कोण?’ असे विचारले तर जवळपास प्रत्येक जण स्वतःकडे बोट दाखवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायन रूबल आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले, की सात-आठ वर्षांच्या आधी मुले स्वतःचे मूल्यमापन करताना इतरांच्या कामगिरीचा फारसा विचार करत नाहीत. त्यानंतर मात्र ती तुलना करू लागतात.

सुझन हार्टर यांनी १९८५ मध्ये या वयाच्या मुलांसाठी तयार केलेली आत्मप्रतिमेची मापनपद्धती आजही वापरली जाते. तिच्यात अभ्यास, मित्रांमधील स्थान, खेळ, दिसणे आणि वागणूक अशी पाच क्षेत्रे वेगवेगळी मोजली जातात. ‘एकंदरीत मी कसा आहे?’ हे त्याखेरीज स्वतंत्र मोजले जाते. हार्टर यांच्या संशोधनाचा सार असा, की मूल ज्या क्षेत्राला महत्त्व देते त्यातील अपयश त्याला जास्त लागते. आणि घरातले, शाळेतले लोक कशाला महत्त्व देतात ते पाहूनच मूल हे महत्त्व ठरवते. ज्या घरात ‘शाळेत आज काय झाले?’ याचा अर्थ फक्त ‘किती गुण मिळाले?’ एवढाच असतो, तिथे उरलेल्या चार क्षेत्रांतले यश मुलाला आधार देऊ शकत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेचे शिकवणीवर्ग, गुणवंतांच्या छायाचित्रांचे फलक आणि नातेवाईकांच्या गटांत फिरणाऱ्या गुणपत्रिका हेच काम आणखी पक्के करतात.

‘ढ’ हा शिक्का इतका चिवट का?

मराठी शाळेने वर्णमालेतले एक अक्षर शिवी म्हणून वापरले आहे. इतर अक्षरांची वळणे शतकानुशतके बदलत गेली, ‘ढ’ मात्र ब्राह्मी लिपीपासून होता तसाच राहिला, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात, असे सांगितले जाते. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, तिच्यामागचा समज मानसशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. बुद्धी जन्माला येताना मिळते ती तेवढीच, ती बदलत नाही, असा तो समज.

कॅरोल ड्वेक यांचे सारे संशोधन या समजाभोवती आहे. क्लॉडिया म्युलर यांच्यासह त्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीच्या मुलांवरच होते. मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढची कोडी मुद्दाम अवघड ठेवली. हुशारीचे कौतुक झालेली मुले अपयशानंतर लवकर नाउमेद झाली, सोप्या कामाकडे वळली आणि आपले गुण इतर मुलांना कळवताना त्यांच्यापैकी जास्त मुलांनी ते फुगवून सांगितले. म्हणजे ‘हुशार’ हा शिक्कासुद्धा निरुपद्रवी नाही. ‘ढ’चे तर विचारायलाच नको.

या सिद्धांताचा पुढे बराच बाजार झाला, हेही सांगायला हवे. ‘मेंदू स्नायूसारखा वाढतो’ अशी भित्तिपत्रके लावून निकाल सुधारत नाहीत. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अशा छोट्या उपक्रमाचा फायदा आढळला, पण तो माफक होता आणि मुख्यतः मागे पडलेल्या विद्यार्थ्यांपुरता होता. शब्द बदलल्याने दार किलकिले होते. आत जाण्यासाठी शिकवावेच लागते.

मित्रांची साथ सुटली तर?

हॅरी स्टॅक सलिव्हन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी याच वयातील एका घटनेला फार महत्त्व दिले. साडेआठ ते दहाच्या सुमारास मुलाला पहिल्यांदा एक जिवलग मित्र किंवा मैत्रीण मिळते. तोवर मैत्री म्हणजे खेळायला गडी. आता मात्र दुसऱ्याचे सुखदुःख आपल्याइतकेच मोलाचे वाटू लागते. सलिव्हन यांच्या मते घरात झालेल्या भावनिक जखमाही अशा मैत्रीतून भरून येऊ शकतात. हा विचार मान्य केला तर मागे ठेवण्याचा अर्थ बदलतो. प्रशासनाच्या लेखी मूल त्याच वर्गात ‘राहते’. मुलाच्या लेखी त्याचा सगळा वर्ग त्याला सोडून पुढे निघून जातो. जून महिन्यात मधल्या सुट्टीत डबा कोणासोबत खायचा, हा त्याच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

मागे ठेवल्याने शिकणे सुधारते का?

काओरू यामामोटो यांनी १९७९ मध्ये चौथी ते सहावीच्या मुलांना वीस प्रसंग देऊन कोणता किती क्लेशदायक वाटतो ते विचारले. आई किंवा वडील गमावणे आणि दृष्टी जाणे यांच्या पाठोपाठ ‘त्याच वर्गात पुन्हा बसावे लागणे’ होते. मोठ्यांना हा क्रम अतिरेकी वाटेल, पण या वयात वर्ग हेच मुलाचे जग असते.

शैक्षणिक परिणामांचे चित्र मात्र एकरंगी नाही. शिकागोत तिसरी व सहावीच्या मुलांना मागे ठेवण्याच्या धोरणाचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीतील मुलांना त्याचा फारसा लाभ झाला नव्हता आणि सहावीतील मुले उलट मागे पडली होती. तिथल्याच पुढच्या एका अभ्यासात आठवीला मागे ठेवलेल्या मुलांमध्ये शाळा सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. फ्लोरिडात तिसरीत मागे ठेवलेल्या मुलांच्या वाचनात सुरुवातीला चांगली सुधारणा झाली. तिथे मात्र नुसते मागे ठेवले नव्हते. उन्हाळी वाचनवर्ग, रोज ठरावीक वेळ वाचनाचे अध्यापन आणि चांगल्या शिक्षकाची नेमणूक हे सोबत होते. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे : फरक पडतो तो वर्गाच्या पाटीने पडत नाही, तर वर्षभर दिलेल्या जादा शिकवण्याने पडतो.

मग ‘ढकलपास’च बरा होता का?

तसे म्हणणे हीसुद्धा मुलाची फसवणूक ठरेल. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला नव्हता. अशा मुलाला सहावीत पाठवले म्हणजे न्यूनगंडातून वाचवले, असे होत नाही. पुस्तक उघडले की शेजारचा वाचतो आणि आपल्याला ते जमत नाही, हे त्याला रोज सहा तास दिसत असते. त्याला कोणी नापास केलेले नाही, पण तो स्वतःला रोज नापास करतो. परीक्षा असावी असे म्हणणाऱ्या अनेक शिक्षक-पालकांची तळमळ इथून येते आणि ती खोटी नाही.

शाळेला मुलाची सक्षमता दिसत नाही, ही याची दुसरी बाजू. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांचा सहभाग असलेल्या अभ्यासात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचे गणित तपासले गेले. गिऱ्हाईकाने सांगितलेल्या मालाचा भाव, वजन आणि सुटे पैसे यांचा हिशेब ही मुले तोंडी बिनचूक करत होती. त्याहून सोपी उदाहरणे पुस्तकी पद्धतीने मांडली की अडखळत होती. फक्त शाळेत शिकणाऱ्या मुलांचे नेमके उलटे होते. आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाटीपाशी बसणारी महाराष्ट्रातली मुलेही हे तोंडी गणित करतात आणि सोमवारी वर्गात ‘गणितात कच्चा’ ठरतात. एरिक्सन यांच्या भाषेत सांगायचे तर या मुलांकडे उद्यमशीलता आहे, तिची दखल घेणारे मोठे माणूस शाळेत नाही.

या सिद्धांतांच्या मर्यादा कोणत्या?

हे बहुतेक सिद्धांत युरोप-अमेरिकेत जन्मले. एरिक्सन यांनी तिथल्या सू आणि युरोक या मूलनिवासी समाजांतील मुलांचेही निरीक्षण केले, तरी त्यांच्या टप्प्यांचे वय आणि क्रम सर्वत्र तंतोतंत लागू पडतील असे नाही. सुधीर कक्कर यांनी १९७८ मधील ‘द इनर वर्ल्ड’मध्ये भारतीय बालपण एकत्र कुटुंबाच्या आणि नात्यांच्या चौकटीत कसे वेगळे घडते ते दाखवले. इथे अपयश एकट्या मुलाचे राहत नाही. ते आईचे, घराचे, कधी जातीचेही ठरवले जाते. शिवाय सातत्याने काम करणारे प्रत्येक मूल ‘उद्यमशील’ म्हणून गौरवण्यासारखे नसते. ऊसतोडीच्या फडावर धाकट्या भावंडाला सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी सक्षम असते, पण तिची शाळा त्या हंगामात बुडालेली असते. अशा मुलीला परीक्षेत मागे ठेवणे म्हणजे स्थलांतराची शिक्षा तिच्या नावावर लिहिणे होय. दहाव्या वर्षी घडलेले सगळे कायमचे असते, असेही कोणी समजू नये. न्यूनगंड धरलेली मुले पुढे सावरतात, पण त्यासाठी त्यांच्यावर विश्वास टाकणारे कोणी तरी वेळेवर भेटावे लागते.

मग करायचे काय?

परीक्षा ठेवावी, पण तिला निवाडा न मानता तपासणी मानावे. डॉक्टर ताप मोजतो तो औषध ठरवण्यासाठी. थर्मामीटरवरचा आकडा रुग्णाचे नाव होत नाही. निकाल आणि पुनर्परीक्षा यांच्यातील दोन महिने हा या कायद्याचा खरा गाभा आहे आणि महाराष्ट्रात तो नेमका उन्हाळी सुट्टीत येतो. त्या काळात गावोगाव शिकवणार कोण, किती तास आणि कोणत्या मानधनावर, याचे उत्तर नसेल तर पुनर्परीक्षा म्हणजे तेच अपयश दुसऱ्यांदा दाखवणे ठरेल.

काय उपयोगी पडते हे मुंबईला नव्याने शोधायचे नाही. ‘प्रथम’ने मुंबई आणि वडोदऱ्यात राबवलेल्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतल्याच तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून त्यांच्या पातळीवरून शिकवत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात त्याचा स्पष्ट फायदा दिसला आणि सर्वाधिक लाभ सर्वात मागे असलेल्या मुलांना झाला होता. पाचवीपर्यंत वाट न पाहता तिसरीतच हे झाले, तर पाचवीच्या परीक्षेत अडखळणारी मुले मुळातच कमी होतील.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही. निकाल सर्वांसमोर वाचून दाखवू नये. मागे राहिलेल्या मुलांची यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी, फलकावर लागू नये. कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, याची आठवण त्यासाठी पुरेशी आहे. प्रगती पुस्तकात ‘काय येत नाही’ याच्या शेजारी ‘काय येते’ हे नेमक्या शब्दांत लिहिले जावे. ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा कोणत्याच मुलाला काही सांगत नाही. ‘तोंडी हिशेब पक्का, लेखी मांडणीचा सराव हवा’ हा शेरा त्याला पुढचे पाऊल दाखवतो.

तिसरी गोष्ट घरातली. निकालाच्या दिवशी आई-वडील पहिले वाक्य कोणते बोलतात, ते मुलाच्या लक्षात राहते. ‘शेजारच्याला किती मिळाले?’ या प्रश्नाऐवजी ‘कुठे अडले? उद्यापासून बसूया,’ एवढे म्हटले तरी अपयश हा मुलाचा स्वभाव न ठरता एक अडचण ठरते, आणि अडचण सोडवता येते.

मुलाला अपयशापासून लपवून ठेवणारी शाळा आणि अपयशाच्या धाकाने अभ्यास करवून घेणारी शाळा, दोघींनी एकच काम टाळलेले असते : त्याला वाचायला शिकवण्याचे. सरकारने पाचवीच्या परीक्षेचा नियम केला, तेव्हा शिकवण्याची जबाबदारीही आपोआप आपल्याकडे घेतली. ती पार न पाडता मुलाला मागे ठेवले, तर त्या वर्षी नापास झालेले ते मूल नसेल.